बिनदुधाचा चहा फाटतो, रस्सा फुटतो, दही लागत नाही: आमच्याकडे काय चुकत होतं

एप्रिल लागला की आमच्याकडे चहा फाटायला लागायचा. वर्षभर तोच सोयाच्या दुधाचा पॅक, तीच पावडर, तोच टोप, मार्चपर्यंत काही म्हणजे काही तक्रार नाही, आणि मग एके सकाळी कपात बघावं तर वर पांढरे कण तरंगतायत आणि खाली गढूळ पाणी. नाना, म्हणजे माझे सासरे, बोलायचे काही नाहीत, कप नुसता माझ्याकडे सरकवायचे आणि पेपर उघडायचे. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता मुळात घरात सोया कशाला, तर आमच्या धाकटीला दुधाची ॲलर्जी आहे. लॅक्टोजचा त्रास नव्हे, ॲलर्जी, डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलेली. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि तिथेच पहिली गडबड होते म्हणून आधीच लिहिते. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती पचत नसेल तर पोट फुगतं, जुलाब होतात, पण अशा माणसाला बऱ्याचदा थोडं दही, तूप, जुनं चीज चालून जातं आणि दुकानात मिळणारं लॅक्टोज-फ्री दूधही चालतं. ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रोटीनची, तिथे लॅक्टोज-फ्री दुधाचा काडीचा उपयोग नाही कारण त्यात प्रोटीन तसंच असतं, तुपातही थोडं राहिलेलं असू शकतं, आणि 'शेळीचं दूध देऊन बघा की' हा सल्ला तर आम्हाला निदान दहा जणांनी दिला असेल, तर नाही, गाय म्हैस शेळी तिघींच्या दुधातली प्रोटीनं इतकी सारखी असतात की एकाचा त्रास असला तर बहुतेकांना दुसऱ्याचाही होतोच. नुसत्या अंदाजावर दूध बंद करू नका, आधी तपासून घ्या. आणि ॲलर्जीवाल्या मुलाचा ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती काही करत न बसता सरळ हॉस्पिटल गाठायचं.

एकदा चहाची गाळणी तिच्या सुपाला वापरली गेली आणि अर्ध्या तासात अंगभर गांध्या उठल्या, त्या दिवसापासून घरात दूध आणणंच बंद केलं. सोया आणि शेंगदाणा तिला चालतो हे तपासलेलं आहे, तुमच्याकडे तसं नसेल तर खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

तर चहा. मी तीन कंपन्यांचे पॅक बदलले, एकदा तर दुकानदाराशी हुज्जत घातली की फ्रिजमध्ये नीट ठेवत नाही म्हणून, बिचारा म्हणाला ताई हा पॅक फोडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावाच लागत नाही. खरं होतं त्याचं. मग तिसऱ्या वर्षी डोक्यात आलं की एप्रिलमध्ये आमच्याकडे बदलतं काय, तर पाणी. नळाचं पाणी कमी होतं आणि सोसायटीत टँकर सुरू होतो, ते पाणी असतं कुठल्यातरी बोअरचं, इतकं जड की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नव्या स्टीलच्या तांब्यावर आठवड्यात पांढरे डाग.

मग ओट्यावर तीन कप मांडले. एकात टँकरच्या पाण्याचा चहा, दुसऱ्यात पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा, तिसऱ्यात फिल्टरचंच पाणी पण आलं किसून घातलेला आणि गूळ टाकलेला. तिन्हींत एकाच पॅकमधलं सोया, चमच्याने मोजून. पहिला ओतल्या ओतल्या फाटला. दुसरा अगदी छान, दुधाच्या चहासारखा. तिसरा आधी ठीक वाटला आणि दोन मिनिटांनी कडेने कण सुटायला लागले.

यामागचं कारण असं की जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि टोफू करतात तोच मुळी गरम सोयाच्या दुधात हे असले क्षार घालून. म्हणजे एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी मी नानांना टोफू करून देत होते. त्यात चहा स्वतः थोडा आंबट, त्याचा अर्क जितका कडक तितका जास्त, आणि गुळात आंबटपणा आणि क्षार दोन्ही, म्हणूनच तर साध्या दुधाचा गुळाचा चहासुद्धा फाटतो.

आता करते ते असं: चहाला पाणी फिल्टरचं, बाराही महिने. आलं पाण्याबरोबर चांगलं उकळून घ्यायचं, नंतर वरून किसायचं नाही. पावडर घालून गॅस बंद, झाकण, तीन-चार मिनिटं मुरू द्यायचं, उकळ उकळ उकळून कडक करायचा नाही. सोया दुसऱ्या छोट्या पातेल्यात वाफ येईपर्यंत गरम करायचं आणि मग चहा गाळून त्या सोयामध्ये हळूहळू ओतायचा, सोया चहात नाही, हा क्रम उलटा केल्यावरच अर्धं काम झालं. फ्रिजमधून काढलेलं गार सोया उकळत्या चहात ओतलं की फाटणारच. गूळ हवा असेल तर कप तोंडाला लावायच्या आधी घाला आणि पटकन प्या, दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला की फाटत नाही हे खरंय, पण चहा काळपट होतो आणि चवीला उकळलेल्या भांड्याचं पाणी, नकोच.

बदामाचं विकतचं दूध चहात पातळ लागतं आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. ओट्सचं मी घरी केलं तर चहाची पेज झाली, अक्षरशः पेज, मीठ घालून प्यावी अशी. ओट्समध्ये स्टार्च असतो, तो तापला की फुगतो, विकतच्यामध्ये कंपन्या एन्झाइम घालून तो आधीच मोडून टाकतात म्हणून ते घट्ट होत नाही. घरी करायचंच असेल तर वाटीभर ओट्सला चार वाट्या अगदी बर्फासारखं गार पाणी, मिक्सर ३० सेकंद, गाळताना पिळायचं नाही, आणि ते गारच प्यायचं किंवा घावनाच्या पिठात घालायचं, चहात नाही. आणि घाईच्या दिवशी गवती चहा घालून कोरा चहा, माझ्या माहेरी निम्मं गाव तोच पितं.

आता रस्सा. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, सासर साताऱ्याकडचं, म्हणजे एकीकडे नारळ आणि एकीकडे दही-ताक-तूप, आणि पहिलं वर्षभर मी काय केलं तर साताऱ्याच्या प्रत्येक पदार्थात दूध-दह्याच्या जागी नारळाचं दूध ओतलं. कढीत, शाही पनीरच्या ग्रेव्हीत (पनीरच्या जागी टोफू), खिरीत, सगळीकडे. सगळं फुटलं. वर तेल, खाली पाणी, मध्ये चोथ्यासारखं काहीतरी. आईला फोन केला तर तिला प्रश्नच कळेना, म्हणाली, 'रस उकळलंस कित्याक?' आमच्याकडे नारळाच्या दुधाला रसच म्हणतात आणि पहिला रस उकळायचा नसतो हे तिच्या दृष्टीने सांगायची गोष्टच नव्हती.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात अडकलेले तेलाचे बारीक थेंब, आणि त्यांना धरून ठेवतं ते नारळातलं थोडंसं प्रोटीन. खळखळून उकळी आली की त्या प्रोटीनची पकड सुटते, थेंब एकमेकांना चिकटतात आणि तेल वर येतं. आंबट घातलं की हे आणखी लवकर होतं. म्हणून मधल्या आकाराच्या एका नारळाला कपभर कोमट पाणी घालून वाटून पिळायचं, तो पहिला रस, घट्ट, बाजूला झाकून ठेवायचा. त्याच चोथ्यात परत दीड कप पाणी घालून काढायचा तो दुसरा रस, पातळ, भाजी-डाळ-मासे काय ते यात शिजवायचं, याला हवी तेवढी उकळी येऊ दे, फुटला तरी कळत नाही. आमसूल किंवा चिंचेचा कोळ, मीठ, सगळं यातच घालून चव जुळवून घ्यायची. मग गॅस एकदम बारीक, पहिला रस घालायचा, झाकण नाही, सतत ढवळत राहायचं आणि कडेने वाफ दिसली, मधोमध नुसती थरथर सुरू झाली की बंद. तिथून पुढे एक मिनिटसुद्धा नाही. दुपारचं रात्री गरम करतानाही हाच नियम, मायक्रोवेव्हमध्ये ठेवलंत तर फुटणारच.

टेट्रापॅकमधलं नारळाचं दूध इतकं सहज फुटत नाही कारण त्यात स्टॅबिलायझर असतात. म्हणून ज्यांनी पॅकवर शिकून एकदा ताज्या नारळाचं केलं त्यांना वाटतं आपला नारळच खराब. नारळ चांगला असतो हो.

फुटलाच तर फेकू नका. दोन पळ्या रस्सा थोडा निववून मिक्सरच्या भांड्यात घ्या, त्यात सात-आठ भिजवलेले काजू किंवा चमचाभर तांदळाचं पीठ, छान फिरवा, परत टोपात ओता आणि मंद आचेवर नुसतं गरम करा, नव्वद टक्के सावरतं. (थायलंडमध्ये तर करी करताना नारळाची साय मुद्दाम तापवून फोडतात आणि त्या सुटलेल्या तेलात मसाला परततात, म्हणजे फुटणं हे काही पाप नाही, आपल्याला कुठे हवंय आणि कुठे नको एवढंच.)

सोलकढी फुटते अशी तक्रारही बरेच जण करतात, ती फुटत नाही, फ्रिजमध्ये खोबरेल थिजतं, २४-२५ अंशांच्या खाली गेलं की ते घट्ट व्हायला लागतं, मग वर रवाळ थर येतो. बाहेर काढून थोडा वेळ ठेवा आणि ढवळा. गरम मात्र करू नका.

आणि ग्रेव्हीला नारळाची चव नकोच असेल तर काजू, मगज बी, पांढरे तीळ नाहीतर खसखस भिजवून बारीक वाटून लावा, यांना फुटण्याची भीती नाही. टोमॅटोच्या ग्रेव्हीला तर काजूच बरा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दह्याने. नारळाच्या दुधाचं लावलं तर वर लोण्यासारखा थर आणि खाली पाणी, कारण त्यात प्रोटीनच इतकं कमी की धरणार काय. बदामाचंही तेच. सोयाचं छान घट्ट लागतं, पण सोयाचा तो कच्चा वास दह्यात जास्त येतो आणि आमच्याकडे कुणी खाईना. शेवटी शेंगदाण्यावर स्थिरावलो, त्यातही पहिले पाच वेळा फसलं, कधी लागलंच नाही, कधी तार सुटली, एकदा तर गुलाबीसर बुरशी आली ते अर्थातच टाकलं.

वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवायचे, सकाळी चोळून सालं काढायची (यात आळस केला की दही करडं आणि तुरट होतं), तीन वाट्या पाण्यात एकदम गंधासारखं वाटून पंचातून गाळायचं. मग हे दूध आठ-दहा मिनिटं उकळायचं, खाली लागतं आणि खऱ्या दुधासारखं ऊतूही जातं, समोरून हलू नका. उकळताना दोन चमचे तांदळाचं पीठ थोड्या पाण्यात कालवून घालायचं, त्याने अंग येतं, आणि एक चमचा साखर. ही साखर मी आधी घालतच नव्हते, आणि माझं दही न लागण्याचं अर्धं कारण तेच होतं बहुतेक, कारण विरजणातले जीवाणू साखरेवर वाढतात, गाईच्या दुधात लॅक्टोज असतो, इथे तो नाही, मग त्यांनी खायचं काय.

विरजण कुठून आणायचं हा खरा प्रश्न, कारण नेहमीच्या दह्याचा चमचाभरसुद्धा ॲलर्जीवाल्याला चालत नाही. तर हिरव्या मिरचीची देठं. दूध इतपत निवू द्यायचं की करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजता आले पाहिजेत, मग दहा-बारा ताज्या मिरच्यांची देठं, टोपीसकट, पाण्याखाली नुसती धरून, त्यात बुडवून ठेवायची. देठावर असलेले जीवाणूच विरजणाचं काम करतात. घासून घासून धुतली तर लागत नाही, तेही मी करून झालंय. पहिलं दही सैल असतं आणि मिरचीचा वास येतो, ते खायला नाहीच, त्यातला चमचा पुढच्याला विरजण, त्याचा त्याच्या पुढच्याला, तिसऱ्या खेपेला जे लागतं ते खरं. उन्हाळ्यात सात-आठ तास पुरतात, पुण्याच्या थंडीत मी भांडं गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवते आणि तरी बारा तास जातात.

हे दही कोशिंबिरीला, दहीभाताला, मठ्ठ्याला चालतं. चक्का बांधून श्रीखंड करायला जाऊ नका, वेलची-केशर घातलेली शेंगदाण्याची चटणी होते. कढीही याची करून बघितली, बेसन जास्त घालून, सतत ढवळून, मीठ शेवटी घालून, फुटली नाही पण मजाही आली नाही. त्यापेक्षा आमसुलाचं सार करा, नाहीतर गोव्याकडचं तिवळ, आमसुलाचं पाणी, हिरवी मिरची, कोथिंबीर, हिंग, त्यात दूधच नाही तर फुटायचं काय. वर्षभर मी कढीची नक्कल करत बसले आणि माहेरी ज्याला जेवण म्हणतात त्यातलं निम्मं आधीपासून बिनदुधाचंच होतं, खापरोळ्या, रसातले शिरवाळे, मणगणं. एक मात्र सांगून ठेवते, नारळाचं दूध आहे म्हणजे झालं असं समजू नका, गोव्याच्या बिबिंकात नारळाचं दूध असतं पण थरांमध्ये तूप असतं, मोदकाच्या उकडीतही लोक तूप नाहीतर दूध घालतात. विचारूनच खा. तुपाच्या जागी मी नारळीभाताला आणि मोदकांना खोबरेल, खिचडीला शेंगदाण्याचं तेल वापरते, आणि पुरणपोळी गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून, ती तर साताऱ्याच्या मंडळींनीही मागून खाल्ली.

आता तो प्रकार जो सगळ्यात जास्त छळतो, सगळं बंद केलंय तरी अंगावर उठतंच. आमच्याकडे दोन आठवडे हे चाललं होतं, मी ब्रेड बंद केला, बिस्किटं बंद केली, पीठ बदललं. निघालं काय तर नाना धाकटीला वरणभातात तळलेली सांडगी मिरची कुस्करून द्यायचे, एवढीशी, तिखट लागत नाही म्हणून ती आवडीने खायची. ती मिरची गावाहून आलेली, बरणीत, लेबल नाही काही नाही, आणि मिरची वाळवण्याआधी मुरवतात कशात, तर ताकात. ते कळलं तेव्हा नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. म्हणून आधी पाकिटं नाही, बरण्या तपासा: ताकातल्या मिरच्या, दह्यात पीठ भिजवून केलेले वडे-भटुरे, ढोकळा, तुपाची फोडणी, शंकरपाळी, शेजारून आलेला शिरा. आणि घरात दूध येत असेल तर पळी, गाळणी, तवा वेगळे.

पाकिटांवर बघायचं ते मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, सोडियम केसिनेट, बटर ऑईल. 'नॉन-डेअरी' क्रीमर लिहिलेल्या डब्यात मागे सोडियम केसिनेट सापडतं, ते दुधातलंच. मसाला चिप्स आणि काळ्या चॉकलेटमध्येही दुधाची भुकटी असते कधीकधी. हिरवा ठिपका बघून खूष होऊ नका, तो शाकाहारीचा, दूध त्यात बसतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२०च्या लेबलिंग नियमांप्रमाणे दूध हे ॲलर्जनमध्ये वेगळं जाहीर करावं लागतं, ती ओळ घटकांच्या यादीपाशीच असते, बारीक अक्षरात, मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा. कंपनी तीच असली तरी दर खेपेला वाचा, घटक बदलतात. गोळ्यांमध्येही लॅक्टोज भरण म्हणून वापरतात, तेव्हा औषध घेताना डॉक्टरांना ॲलर्जी आठवणीने सांगायची.

कॅल्शियमचं सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. गाईच्या दुधात १०० मिलीला साधारण १२० मिलीग्रॅम, नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, तिळात हजाराच्या वर, पण तीळ काही कुणी शंभर ग्रॅम खात नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलीग्रॅम लागतं असं आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था सांगते, तेव्हा नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, तिळाची चटणी हे रोजचं हवं, सठीसामाशी नाही. मासे खात असाल तर मांदेली, जवळा, काट्या-कवचासकट अख्खं खाल्लं जातं ते. घरी काढलेल्या शेंगदाण्याच्या किंवा बदामाच्या दुधात दुधाइतकं कॅल्शियम नसतं, रंग पांढरा आहे म्हणून फसू नका. आणि शाकाहारी घरात दूध बंद झालं की बी १२ जवळजवळ कुठूनच मिळत नाही, त्याची तपासणी करून गोळी सुरू करावी लागते, यात चालढकल नको.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही, खरवस. नारळाच्या दुधात गूळ, वेलची, जायफळ आणि चायना ग्रास घालून वड्या पाडल्या, दिसायला हुबेहूब, धाकटीने चार खाल्ल्या. नानांनी एक तोंडात टाकली, चावली, आणि वाटी माझ्याकडे सरकवून पेपर उघडला.